कार्डिनलसाहेबांचे दोन मुखवटे

रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात प्रेक्षकाला दोनच तास मिळतात. त्यांतला बराचसा वेळ मी एका लठ्ठ गृहस्थासमोर घालवला. हे कार्डिनल शिपिओने बोर्गेझे, पोप पाचवे पॉल यांचे सख्खे भाचे. मामांची मर्जी एवढी, की १६०७ साली एका चित्रकाराकडून जप्त केलेली शंभरावर चित्रे भाच्याच्या घरी पोचली. पुढच्याच वर्षी पेरुजाच्या चर्चमधले राफाएलचे चित्र रातोरात हलवले गेले. तेही इथेच आहे!

अशा माणसाचा राग यायला हवा. पण बेर्निनी येऊ देत नाही. १६३२ सालचा हा त्याचा संगमरवरी अर्धपुतळा पाहा. ओठ किंचित विलग. काही गमतीचे सांगता सांगता कोणाकडे तरी वळलेले. अंगरख्याचे एक बटण काजात अर्धेच शिरलेले. दुपारचे जेवण अंमळ जड झाले असावे!

शेजारी तसाच दुसरा पुतळा आहे. पहिल्याचे काम संपत आले आणि दगडातली चीर नेमकी कपाळावर निघाली. बेर्निनीने गुपचूप दुसरा घडवला. कोणी म्हणतात तीन दिवसांत, कोणी पंधरा रात्रींत. दाखवताना मात्र त्याने आधी चिरेचाच पुढे केला. कार्डिनलांनी नाराजी गिळली, म्हणतात. मग त्याने दुसऱ्यावरचे कापड दूर केले. ज्याच्या शब्दावर चित्रे घरे बदलत, त्याला शिल्पकाराने घटकाभर असे ताटकळवले!

पुढच्याच वर्षी कार्डिनल वारले. मला विचाराल तर पहिलाच पुतळा अधिक जिवंत. चीर अजून दिसते.