फोटो त्याचा, नाव आमचे

आमच्या घरातील लोखंडी पेटीत एक जाड, लांब वही आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी अकाउंट्ससाठी घेतलेली. पहिल्या आठ पानांवर जमाखर्चाची उदाहरणे आहेत आणि नवव्या पानापासून फोटो चिकटवलेले आहेत. झाडे, ढग, खाडी, पक्षी. प्रत्येक फोटोखाली निळ्या शाईने एखाद-दुसरी इंग्रजी ओळ. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मुलीने ती वही बाहेर काढली आणि विचारले, "पप्पा, अक्षर तुमचं आहे. पण हे फोटो कुणी काढले?"

प्रश्न साधा होता. पण आम्ही "नंतर सांगतो" म्हणून उठलो आणि उगाच माठातले पाणी प्यायलो. ते उत्तर आज सांगतो.

१९९९ सालची गोष्ट. आम्ही गोवंडीला राहात होतो. वस्तीतलाच एक मित्र आमच्याबरोबर कॉलेजात होता. त्याच्या मामाने त्याला जुना याशिका कॅमेरा दिला होता. छत्तीस फोटोंचा एक रोल तो दोन-दोन महिने पुरवायचा. बटण दाबण्यापूर्वी तो इतका विचार करी की समोरचा पक्षी कंटाळून उडून जाई. आम्हाला फोटो काढता येत नव्हते. आम्हाला नाद होता गाण्याच्या शब्दांचा. लहानपणापासून शाहिरांचे जलसे ऐकलेले, त्यामुळे गाणे चालीसाठी नव्हे तर शब्दांसाठी ऐकायचे, ही सवय लागलेली.

एकदा फोर्टच्या फूटपाथवर जुन्या कॅसेटींच्या ढिगात 'सायमन अँड गारफंकल' ही जोडी हाती लागली. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल, दोघेही १९४१ साली जन्मलेले, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एकाच शाळेत शिकलेले. गाणी बहुतेक सायमनने लिहायची आणि दोघांनी मिळून म्हणायची. लोकगीताच्या वळणाच्या चालीला विजेच्या गिटारची आणि ड्रमची साथ, म्हणून या प्रकाराला फोक-रॉक म्हणतात. आम्हाला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. दोन आवाज एकमेकांना धक्का न लावता बरोबर चालतात, एवढेच कळले आणि आवडले.

शब्द कळायला मात्र घाम फुटला. कॅसेट थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची, डिक्शनरी पाहायची. अशा रीतीने एक गाणे उतरवायला एक रविवार जाई. मग त्यातली एखादी ओळ निवडून मित्राच्या कोणत्या फोटोखाली ती शोभेल, यावर आमची तासन्‌तास चर्चा चाले.

सुरुवातीला आमची जुळवाजुळव बाळबोध होती. गाण्यात पाऊस आला की पावसाचा फोटो, पान आले की पानाचा फोटो. 'एप्रिल कम शी विल' या छोट्या गाण्यात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचे महिने येतात आणि त्यांच्याबरोबर एका प्रेमाचे येणे-जाणे सांगितले जाते. आम्ही एप्रिलच्या ओळीखाली आमच्याकडचा एप्रिल चिकटवला. तापलेला रस्ता आणि पिवळाधमक बहावा. मित्र म्हणाला, "अरे, त्यांचा एप्रिल म्हणजे थंडी सरून पाऊस आणि पालवी येण्याचा महिना. आपल्याकडे तसं जूनमध्ये होतं. महिना जुळवू नकोस, मन जुळव." त्याने पहिल्या पावसानंतर भिंतीच्या फटीतून आलेल्या पिंपळाच्या कोंबाचा फोटो तिथे लावला. फोटोत ओळीतले काहीच नव्हते, तरी ओळ वाचून फोटो पाहिला की दोन्ही अधिक कळत. तेव्हापासून आम्ही नियम केला की जे ओळीत सांगितले आहे, ते फोटोत पुन्हा दाखवायचे नाही.

'स्कारबरो फेअर' या गाण्यात पार्सली, सेज, रोझमेरी, थाइम या चार सुवासिक वनस्पतींची नावे पुन्हा पुन्हा येतात. आम्ही यातली एकही पाहिली नव्हती. मित्राने चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यांत लावलेला पुदिना, ओवा, गवती चहा आणि कढीपत्ता यांचा फोटो काढला. मागे दोरीवर धुणे वाळत होते. आम्हाला ते धुणे खटकले. तो म्हणाला, "ज्यांनी लावलंय त्यांचंच धुणं आहे ते. राहू दे." त्या वेळी आम्ही ऐकले. पुढच्या वेळी ऐकले नाही.

'एल कोंडोर पासा' या गाण्याच्या नावात कोंडोर हा पक्षी आहे. कोंडोर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला गिधाडाच्या जातीचा प्रचंड पक्षी. त्याचे पंख पसरले की तीन मीटरपर्यंत भरतात. आमच्या आजोबांच्या पिढीला गिधाडे फार जवळून माहीत होती. आमच्या वाट्याला आल्या त्या देवनारच्या डम्पिंगवर घिरट्या घालणाऱ्या घारी. मित्राने २००० साली एका पहाटे तिथला फोटो काढला. वर मोठे आकाश, त्यात पंख पसरलेली एक घार, आणि अगदी खाली कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर वाकून कागद-पत्रा वेचणाऱ्या दोन बाया, पाठमोऱ्या. तसा फोटो त्याने पुन्हा कधी काढला नाही.

२००३ साली वस्तीतल्या एका कार्यक्रमात चित्रांचे आणि हस्तकलेचे प्रदर्शन होते. मित्र नोकरीच्या शोधात गावाबाहेर गेला होता. आम्ही वहीतले काही फोटो मोठे करून घेतले, पुठ्ठ्यावर लावले आणि खाली ओळी लिहिल्या. विषय 'निसर्ग आणि गीत' होता. घारीच्या फोटोत कचरा आणि बाया कशाला, असे वाटून आम्ही कात्री घेतली आणि खालची चार बोटे पट्टी कापून टाकली. वर मथळ्यात 'संकलन व मांडणी' म्हणून आमचे नाव लिहिले. फोटो कुणाचे, हे लिहायचे राहिले. राहिले म्हणतो खरे, पण जागा भरपूर होती. लोकांनी वाहवा केली ती आम्ही मान खाली घालून, हसून स्वीकारली.

मित्र शेवटच्या दिवशी आला. घारीच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग एवढेच म्हणाला, "नावाचं एक वेळ जाऊ दे. पण तू माझी आई कापलीस."

त्या दोन बायांतली एक त्याची आई होती. त्या माउलीच्या हातची भाकरी आम्ही कितीदा खाल्ली होती. पाठमोरी म्हणून आम्ही तिला ओळखले नाही, आणि खरे सांगायचे तर नीट पाहिलेच नाही. आम्ही माफी मागायच्या ऐवजी वाद घातला. "निसर्गाच्या फोटोत माणसं नसतात," असे काहीतरी बोललो. तो निघून गेला. पुढे त्याचे बिऱ्हाड कल्याणच्या पलीकडे गेले, आणि आम्ही नोकरी, संसार, चळवळीची कामे यांत स्वतःला गुंतवून घेतले. कार्यकर्ता म्हणून व्यासपीठावरून कष्टकऱ्यांच्या सन्मानावर आम्ही कितीदा बोललो असू. ती कापलेली पट्टी मात्र कुणाला सांगितली नाही.

मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही त्या गाण्यांविषयी मुळातून वाचायला घेतले. वाचता वाचता आमचीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत समोर येऊ लागली.

'एल कोंडोर पासा'ची चाल सायमनला पॅरिसमध्ये 'लोस इंकास' नावाच्या वादकांकडून मिळाली. ती जुनी लोकधून आहे, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती पेरू देशातील दानिएल अलोमिया रोब्लेस या संगीतकाराने १९१३ साली एका संगीत नाटकासाठी रचली होती. १९७० साली सायमन-गारफंकलची तबकडी जगभर गाजल्यावर रोब्लेसच्या मुलाने दावा केला, तेव्हा वडिलांचे नाव श्रेयात आले. आणि ते मूळ नाटक कशाविषयी होते? खाणीत राबणारे अँडीजमधील मूळनिवासी मजूर आणि परदेशी खाणमालक यांच्या संघर्षाविषयी. कोंडोर हे तिथे मजुरांच्या मुक्तीचे चिन्ह आहे. म्हणजे वर उडणारा पक्षी आणि खाली राबणारी माणसे हे त्या नाटकात एकत्रच होते. मित्राला हा इतिहास माहीत नव्हता. तरीही त्याच्या फोटोत दोन्ही होते, आणि आम्ही कात्रीने ते वेगळे केले. हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

'स्कारबरो फेअर'चेही तसेच. गीत पारंपरिक इंग्रजी. पण त्याची विशिष्ट मांडणी सायमनने लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून शिकून घेतली. १९६६ च्या तबकडीवर कार्थीचे नाव नव्हते. कार्थीच्या मनात ती सल अनेक वर्षे राहिली. अखेर २००० साली सायमनने लंडनच्या हॅमरस्मिथमधील कार्यक्रमात कार्थीला बोलावले आणि दोघांनी ते गाणे एकत्र म्हटले. योगायोग असा की आम्ही गॅलरीतल्या पुदिन्याखाली त्या गाण्याची ओळ लिहिली, तेही त्याच सुमारास.

आणि ही जोडी? 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हे गाणे सायमनने लिहिले. त्याची प्रेरणा कृष्णवर्णीय गायकांच्या 'स्वान सिल्व्हरटोन्स' या भक्तिगीत गाणाऱ्या संचाकडून मिळालेली. म्हटले मात्र मुख्यतः गारफंकलने, आणि टाळ्या त्याला पडत. गाणे माझे आहे, असे बाजूला उभे राहून आपल्याला वाटे, ही कबुली सायमनने पुढे स्वतः दिली. १९७० मध्येच जोडी फुटली. १९८१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ते पुन्हा एकत्र गायले तेव्हा सुमारे पाच लाख लोक जमले होते, पण तो मेळही टिकला नाही. संकटात पूल होण्याचे गाणे देणाऱ्या दोघांना आपसातला पूल राखता आला नाही. आम्ही कोणत्या तोंडाने हसणार?

२०२१ साली ओळखीपाळखीतून नंबर मिळवून आम्ही मित्राला फोन केला. "जयभीम" म्हटल्यावर तो क्षणभर थांबला, मग त्यानेही "जयभीम" म्हटले. आम्ही पाठ केलेली सर्व वाक्ये विसरलो. फक्त म्हणालो, "चुकलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं." तो म्हणाला, "आई २०१४ ला गेली. तुला कळवू नका, असं मीच सांगितलं होतं."

याला उत्तर नव्हते. आम्ही दिलेही नाही.

पुढे काही महिन्यांनी त्याने घरी बोलावले. आम्ही वही घेऊन गेलो. त्याने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रोलच्या पट्ट्या कागदात गुंडाळून, तारखा घालून ठेवल्या होत्या. घारीची निगेटिव्ह शाबूत होती. आईचा कामावरचा तो एकच फोटो, तोही पाठमोरा. त्याने नव्याने, पूर्ण काढलेली प्रत आम्हाला दिली. त्याचा राग पूर्ण गेला, असे आम्ही म्हणणार नाही. पण चहा त्याने स्वतः केला आणि आमच्या कपात साखर कमी घातली. आम्हाला कमी लागते, हे त्याच्या लक्षात होते.

२०२३ साली विहारातल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर ती मालिका पुन्हा लागली. गाण्यांच्या ओळी आता आम्ही लिहीत नाही. त्या दुसऱ्यांच्या मालकीच्या आहेत. फोटोखाली गाण्याचे नाव, ते ज्यांचे ज्यांचे आहे त्या सर्वांची नावे आणि ही जुळणी का केली, हे आमच्या भाषेत दोन वाक्यांत. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरात, फोटो काढणाऱ्याचे नाव. घारीच्या फोटोखाली त्याच्या आईचेही नाव आहे. या लेखात नाव छापू नकोस, भिंतीवर आहे तेवढे पुरे, असे त्याने बजावल्यामुळे येथे देत नाही.

वाचकहो, हा छंद खर्चाचा नाही. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये कॅमेरा आहे आणि प्रत्येकाच्या ओठांवर एखादे गाणे असतेच. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी खिडकीतले झाड, नाल्याकाठचा बगळा, गच्चीवरचे ढग टिपा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, कोणते गाणे आठवते? घरची माणसे नव्याने कळतील. फक्त फोटोत कोण आहे, फोटो कुणाचा, शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे त्याच दिवशी मागे लिहून ठेवा. आपल्या कार्यक्रमांतही फलक रंगवणारा, कोरसात गाणाऱ्या मुली, शंभर माणसांचा भात शिजवणाऱ्या बाया यांची नावे राहून जातात. ती लिहायला कागदावर नेहमीच जागा असते.

आमच्या मुलीने आता त्या वहीच्या पहिल्या पानावर, जमाखर्चाच्या उदाहरणाच्या वर, मित्राचे नाव लिहिले आहे. त्याखाली आमचे.