उतरत्या वजनांचा रकाना

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सर्लच्या उपकरणाला दोन तारा असतात, एकाच तुळईला शेजारी शेजारी टांगलेल्या. वजनं चढतात ती एकीवरच. दुसरी नुसती सोबतीला, असं मुलांना वाटतं. पण तुळई किंचित दबली किंवा दुपारची हवा तापली, तर दोघी सारख्याच हलतात. मापात उतरते ती फक्त ओझ्याने आलेली वाढ. मला ही बिनकामाची दिसणारी तारच अधिक आवडते.

दोन मीटर लांब, एक मिलिमीटर जाडीची पोलादी तार दहा किलोंनी वाढते जेमतेम सव्वा मिलिमीटर. नजरेला तार तशीच. दोन तारांमधल्या पाणसळीतला बुडबुडा तेवढा सरकतो. वजन दुप्पट, वाढ दुप्पट. रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ साली लॅटिन अक्षरं विस्कटून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उकलून दाखवला. एवढ्या सरळ गोष्टीची केवढी ही लपवाछपवी!

तारेचा स्वभाव मात्र वजनं उतरवतानाच कळतो. वहीतला नेमका तोच, उतरत्या वजनांचा रकाना मुलं चढत्या वजनांच्या आकड्यांवरून भरून टाकतात. पोलाद मुकाट्याने मूळ लांबीवर येतं, म्हणून चोरी खपते. तापवून मऊ केलेल्या तांब्यावर तेच दहा किलो चढवा: तार डोळ्यांदेखत लांबते, आणि वजन काढलं तरी पुरती परतत नाही.

आत काय होतं? जड सतरंजी एकदम ओढून हलत नाही, पण एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी सरकते. धातूतल्या अणूंच्या रांगांतही असेच दोष सरकत जातात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी हे तिघंही शास्त्रज्ञ आपापल्या वाटेने या उत्तरापाशी पोचले. ताण वाढतो तसे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि ताणलेली तार आधीपेक्षा कणखर होते. लांबायची तिची ऐपत मात्र तेवढी सरलेली असते. शेवटी एका जागी ती बारीक होते, पुढची सगळी ओढ तिथेच गोळा होते आणि तार तुटते.

तांब्याची तार ओढणारे कारखाने ही वेळ येऊ देत नाहीत. ओढून कडक झालेली तार ते भट्टीत तापवतात. गुंता सुटतो, तांबं मऊ होतं आणि पुन्हा ओढता येतं.