शिरगणतीवांचून चाललेलें राज्य

गेल्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर आमच्या पुतण्यानें असें मत मांडलें कीं, ज्या त्या समाजास त्याच्या संख्येप्रमाणें सत्तेचा वांटा नेमून दिला म्हणजे तंट्याचें मूळच नाहींसें होतें. आम्हांस तत्काळ लेबनान या अरब प्रजासत्ताकाचें स्मरण झालें. कारण हा प्रयोग तेथें ऐंशींहून अधिक वर्षें चालू आहे.

सन १९४३ मध्यें तो देश फ्रेंचांच्या अंमलांतून मुक्त झाला, तेव्हां बिशारा अल्-खूरी व रियाद अल्-सुल्ह या पुढाऱ्यांनीं एक अलिखित करार केला. अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी व विधिमंडळाचा सभापति शिया, अशी वहिवाट पुढें रूढ झाली. विधिमंडळांत पांच मुसलमानांस सहा ख्रिस्ती हें प्रमाण १९३२ च्या शिरगणतीस धरून होतें. कोणीहि वगळला जाऊं नये, हा हेतु स्तुत्यच म्हटला पाहिजे.

परंतु त्यानंतर तेथें शिरगणती झालीच नाहीं! माणसें मोजलीं तर वांटे बदलावे लागतील, या भयानें राज्यकर्त्यांनीं गजनिमीलिका पतकरली. १९७५ सालीं यादवी पेटली, ती १९९० पर्यंत चालली. पॅलेस्टिनी निर्वासितांचा प्रश्न, शेजाऱ्यांची ढवळाढवळ, अशीं तिचीं कारणें अनेक. पण गोठलेला वांटा हें त्यांतील एक खास. १९८९ च्या ताइफ येथील तहानें उभय धर्मीयांस निम्म्या निम्म्या जागा मिळाल्या. आज त्या एकूण १२८ आहेत. पंथनिहाय राजकारण क्रमानें मोडावें, असेंहि त्या तहांत लिहिलें आहे. तें अद्यापि कागदावरच आहे. अध्यक्ष निवडण्याचें काम विधिमंडळाचें. तेथें एकमत होईना, म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत अध्यक्षाचें आसन रिकामें राहिलें.

तात्पर्य, वांटणी ठरवितांना ती पुन्हां केव्हां तपासावयाची, तेंहि ठरविलें पाहिजे. एरवीं शांततेसाठीं केलेला करारच पुढें बेडी होतो. पुतण्यास हें सांगून आम्ही थांबलों. तो कांहीं बोलला नाहीं. मग आमच्याच ध्यानांत आलें कीं, माडीवरील मोठी खोली आम्हां उभयतांकडे आहे आणि त्याचीं पांच माणसें खालच्या लहान खोलींत दाटीनें राहतात. ती वांटणी आमच्या वडिलांच्या वेळची. मोजावयास आजवर कोणी धजलें नाहीं.

येत्या रविवारीं तो विषय आम्हीच काढणार आहों.