समुद्रावरून मोटार!

दोस्तांनो, एस्टोनियाला जायचं म्हटलं की सगळे सांगतात, उन्हाळ्यात जा. मी म्हणेन, ऐन हिवाळ्यातच जा! बाल्टिक समुद्राकाठचा हा चिमुकला देश. लोकसंख्या जेमतेम १३-१४ लाख. डिसेंबरअखेर राजधानी टॅलिनमध्ये सूर्य नऊनंतर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतोसुद्धा. म्हणून अंधारात पायी चालताना कोटाला किंवा दप्तराला चकाकणारा बिल्ला लटकवायचा, असा तिथे कायदाच आहे.

पण खरी गंमत पुढेच. थंडी कडाक्याची पडली, की समुद्र गोठतो आणि हिऊमा बेटाकडे बर्फावरून सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता खुला होतो. त्यावर मोटारीत पट्टा बांधायचा नाही! बर्फ फुटलाच, तर चटकन बाहेर उडी मारता यायला हवी ना? शिवाय ताशी २५ ते ४० किलोमीटर हा वेग वर्ज्य. त्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फाला तडे जातात. तेव्हा एक तर हळू, नाहीतर जरा जोरात.

मात्र आधी चौकशी करा हं! हल्ली हिवाळे उबदार होऊ लागलेत. कित्येक वर्षी हा रस्ता उघडतच नाही. मग काय, निमूटपणे फेरीबोट पकडायची. सव्वा तास लागतो.