निखाऱ्यावरचे बँकॉक

बँकॉकला जाऊन आलो म्हटले की लोक पाचूच्या बुद्धाचे देऊळ पाहिले का, म्हणून विचारतात. पाहिले की! पण आमच्या हिला विचाराल तर बँकॉक म्हणजे गल्लीच्या तोंडाशी मांडलेली कोळशाची एक शेगडी.

चिरंजीवांचे बिऱ्हाड १८व्या मजल्यावर. स्वयंपाकघर आरशासारखे लख्ख आणि शेगडी काचेची, विजेवरची. तिला जाळ म्हणून नाही. हिचे माहेर जळगावकडचे. मुलाला भरीत करून घालायचे मनात धरून आलेली. पण काचेवर वांगे भाजायचे कसे? सूनबाईने बिचारीने ओव्हन सुचवला. ही नुसती हसली, आणि महिनाभर त्या घरात पाहुणीसारखी हात बांधून बसली. मुलाच्या घरात आईने पाहुणी व्हावे, हे मला काही बरे दिसेना.

एका शनिवारी चिरंजीवांनी आम्हांला ईसानी खानावळीत नेले. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. नावही संस्कृत 'ईशान'वरून आलेले. तिकडची मंडळी पोटासाठी राजधानीत आली, ती आपले खाणे बरोबर घेऊनच. पत्र्याची टेबले, प्लॅस्टिकची स्टुले. चिरलेल्या बांबूच्या चिमट्यात धरलेली कोंबडी निखाऱ्यावर. तिला लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळे वाटून लावलेली. (आपण ती मुळे खुशाल फेकून देतो!) शेजारी मातीच्या उखळात कच्ची पपई, मिरच्या, शेंगदाणे, लिंबू आणि ताडगूळ कुटणे चालले होते. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १५११ मध्ये त्यांचा वकील सयामच्या दरबारी पोचला. दोन्हीकडे मिरची आली ती त्यांच्यामागोमाग. तेव्हा ही कोशिंबीर आपल्या ठेच्याची मावसबहीणच म्हणायची. थाई माणूस एरवी चमच्याकाट्याने जेवतो, पण ईसानचा चिकट भात बोटांनी गोळी करूनच खायचा. हिची निम्मी भीड तिथेच मोडली.

शेगडीपाशी साठीची एक बाई. चरबी टपकून भडका उडाला की ती निखाऱ्यांवर राख लोटी.

"बघा, जाळावर नाही भाजत ती," ही म्हणाली.

आणि एकदम उठलीच! शेगडीच्या कोपऱ्यात लांब हिरवी वांगी भाजत होती. एकीला मराठी, दुसरीला थाई. हिने एक वांगे बोटाने दाबून पाहिले आणि मान हलवली. बाईने हसून चिमटा हिच्या हाती दिला. चिरंजीव दुभाष्याचे काम करायला निघाले होते. मी त्यांना खाली बसवले.

चार वांगी केळीच्या पानात बांधून आम्ही घरी आणली. तुरकाठ्यांचा धूर त्यांना नव्हता, तरी वास घरभर झाला. सूनबाई जवळ येऊन म्हणाली, "आई, साल काढताना पाणी लावायचं?"

"छे! चव धुऊन जाईल. ये, बस अशी. आणि शेंगदाणे कुठे ठेवतेस गं तू?"