अंगठ्याची जागा

सायबर कॅफेच्या काळात माझ्या उजव्या अंगठ्याला फारसं काम नव्हतं. माउसच्या पोटात रबरी बॉल असायचा, वर दोन बटणं. अंगठा कडेला टेकलेला. आतल्या रोलरवर मळ साचला की नखाने खरवडायचा, एवढीच त्याची चाकरी.

मुळात तो कुणाच्या हिशेबातच नव्हता. डग्लस एंगेलबार्टने १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माउस दाखवला, त्याला तीन बटणं होती आणि तिन्ही वरच्या अंगाला. पुढे १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला, त्याच्या डाव्या कुशीत दोन बटणं होती. ब्राउझरमध्ये मागे-पुढे जाण्यासाठी! आम्ही 'काउंटर स्ट्राइक'वाल्यांनी तसल्याच बटणांवर सुरी आणि ग्रेनेड आणून बसवले.

खेळता खेळता एक गोष्ट हाताला कळली. तर्जनीने क्लिक केलं की जोर खाली टेबलात जिरतो. अंगठ्याचा जोर मात्र आडवा. माउस उजवीकडे सरकू पाहतो, त्याला पलीकडून अनामिका आणि करंगळीने थोपवावं लागतं. ऐन नेमाच्या वेळी क्रॉसहेअर हलतो तो इथेच. बटण कडक असेल तर नेम जातो; फार हलकं असेल तर माउस उचलून पुन्हा ठेवतानाच दाबलं जातं आणि ग्रेनेड आपल्याच पायाशी पडतो.

२००९ मध्ये रेझरने 'नागा' काढला, अंगठ्याखाली चक्क बारा बटणं. मित्राकडे वापरून पाहिला. मनगटाकडच्या ओळीसाठी अंगठा इतका मुडपावा लागे की माउसवरची पकडच सुटायची. शंभर मंत्र लावणाऱ्या खेळांना तो ठीक असेल, नेमबाजीला नाही.

माझी बहीण डावखुरी. ती आमचा माउस धरते तेव्हा कडेच्या बटणांवर तिची अनामिका आणि करंगळी येतात, म्हणजे नको तेव्हाच दाबली जातात. डाव्या हाताचे माउस मिळतात, पण मोजकेच. हा सरळ अन्याय आहे.

माउस घ्यायला जाल तेव्हा बटणं मोजू नका. दुकानदाराला खोकं उघडायला लावा, नेहमीसारखा हात ठेवा आणि अंगठा न उचलता दोन्ही बटणं दाबून बघा. पोचत नसेल तर कितीही सवलत असो, परत ठेवा.