कवठें येमाईच्या वाटेवरील विसावा

शिरूर तालुक्यांतील कवठें येमाई हें गांव आपल्या ग्रामदेवतेचें नांव मिरवितें. रांजणगांवच्या महागणपतीचें दर्शन घ्यावें, मलठणावरून कवठ्यास येऊन येमाईची ओटी भरावी, आणि टाकळी हाजीकडून कुकडीच्या पात्रांतील रांजणखळगे पाहून परतावें, असा हा एका दिवसाचा सुरेख प्रवास आहे. पाण्यानें व गोट्यांनीं काळ्या कातळांत कोरलेले ते खोल रांजण मुलांना मुद्दाम दाखविण्याजोगे आहेत.

यंदा आम्ही विजेच्या मोटारीनें गेलों. धूर नाहीं, आवाज नाहीं, खर्चहि बेताचा. परंतु पुणें-अहिल्यानगर रस्त्यावर एके ठिकाणीं ती चार्ज करून घेण्यास थांबलों, तेव्हां या सुखाची दुसरी बाजू दिसली. यंत्र उत्तम होतें. पण डोक्यावर छप्पर नव्हतें, बसावयास बांक नव्हता, प्यावयास पाणी नव्हतें, व शौचकूप तर मुळींच नव्हता. बरोबर सत्तरीच्या आत्याबाई होत्या. त्यांनीं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. कारण विचारतां म्हणाल्या, "वाटेंत बायकांची सोय कुठें असते?"

पेट्रोलच्या पंपावर पांच मिनिटें मोडतात. तेथें सावली नसली तरी भागतें. विजेच्या गाडीस शीघ्र यंत्रावरहि बहुधा अर्धापाऊण तास लागतो, आणि बॅटरी ८० टक्क्यांपलीकडे गेली कीं भरण्याचा वेग बराच मंदावतो. म्हणजे गिऱ्हाईक येथें घटकाभराचा पाहुणाच होतो. महामार्गाच्या दोन्ही अंगांस दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावें, असें केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या सूचनांत होतें. अंतर ठरलें हें चांगलें झालें. आतां तेथें घालवावा लागणारा अर्धा तासहि हिशेबांत धरला पाहिजे.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं यात्रामार्गांवर विहिरी व धर्मशाळा बांधविल्या, त्या थकल्या माणसाकडे पाहूनच. कवठ्यासारख्या देवस्थानच्या गांवीं एखादें नीटनेटकें केंद्र असलें, तर गाडी भरेपर्यंत यात्रेकरूंचें देवदर्शन होईल, आणि गांवांतील बायकांच्या बचतगटास चहा-भाकरीचा चार पैशांचा धंदा मिळेल. मात्र पहिलें काम एकच: स्वच्छ, उजेडाचें, आंतून कडी लागणारें स्त्रियांचें शौचगृह. तें झाल्यावर बाकीच्या सोयी मागून आल्या तरी चालतील.